आजारी माणूस कुठल्या यादीत?

बाई, तुम्ही असतात तर हे तोंडावर सांगितलं असतं, आणि तुम्ही चष्मा नाकावर ओढून "आधी सरळ उभी राहा" म्हणाला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आश्रमशाळेतल्या आताच्या मुलांना तुम्ही होतात हेही माहीत नाही. मी मोखाड्यातच एका उपकेंद्रात नर्स आहे. तुम्ही शिकवलेली एक गोष्ट मी यंदा मोडली, समजून उमजून मोडली. माफी मागायला लिहीत नाहीये. तुमच्याशी वाद घालायला लिहितेय.

आठवीचा वर्ग. वर पत्रा तापलाय आणि तुम्ही फळ्यावर तीन रकाने आखताय: केंद्राची यादी, राज्याची यादी आणि दोघांची मिळून. दवाखाने राज्याकडे. विमा केंद्राकडे. कामगारांचा विमा दोघांच्या रकान्यात. "आणि दोघांचे कायदे एकमेकांना आडवे आले तर?" तुम्ही विचारता. "केंद्राचा वरचढ!" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो. मी उठून उभी राहते. "बाई, मंग आजारी माणूस कुठल्या यादीत?" पोरी हसतात, तुम्ही हसत नाही. "शहाणपणा नको. परीक्षेत विचारतात तेवढंच लिहायचं." त्या संध्याकाळी तुम्ही मला खोलीवर बोलावलंत. तुम्ही देशावरच्या, नाचणीची भाकरी तुमच्या हातात फाटायची, म्हणून थापायला मी यायचे. मी तव्यावर भाकरी टाकली तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "प्रश्न बरोबर होता तुझा. पण एक ध्यानात ठेव, पोरी. सरकारी टेबलापुढे आवाज चढवायचा नाही. पलीकडचा माणूस चिडला की आपलंच काम अडतं. गोड बोलून घ्यायचं." मी मान हलवली. नर्सिंगला नाशिकला निघाले तेव्हा तुम्ही अंगातला तपकिरी स्वेटर काढून दिलात. तो कोपरांवर विरेपर्यंत मी घातला, आणि तुमचं ते वाक्यही तसंच वापरत राहिले. कुठल्याही टेबलापुढे गेले की आपोआप मान खाली आणि 'साहेब'.

आमचं घर सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर. धाकटा भाऊ आणि भावजय पावसाळ्यात नाचणी-भात करतात आणि नंतर कामाला बाहेर पडतात. गेली दोन वर्षं दोघं भिवंडीकडच्या एका गोदामात ठेकेदाराच्या हाताखाली खोकी भरत होती. उन्हाळ्यात गावी आली तेव्हा भावजय झऱ्यावरून हंडा घेऊन चढताना मधेच बसायला लागली. रात्री उशी उभी करून झोपायची. मी तिच्या छातीला नळी लावली आणि जे ऐकू आलं ते मला आवडलं नाही. नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. हृदयाची झडप अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, फुगा घालून मोकळी करता येईल, पण लांबवू नका.

त्याच दवाखान्यातल्या, राज्याच्या मोफत उपचार योजनेच्या टेबलावर मी रेशनकार्ड ठेवलं, गोड बोलले. तिथल्या माणसाने संगणकात पाहिलं आणि कार्ड परत सरकवलं. "यांचं नाव कामगार विम्यात दिसतंय. तो केंद्राचा कायदा. तो लागू असला की आमची राज्याची योजना बसत नाही. तिकडे जा." कामगार विम्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनीही संगणकात पाहिलं. "नाव आहे, पण ठेकेदाराने नाव चढवल्यापासून हप्ताच भरलेला नाही. आम्हाला काही करता येणार नाही." म्हणजे बघा बाई, केंद्राच्या यादीत तिचं नाव होतं ते फक्त राज्याने तिला नाकारण्यापुरतं. उपचारापुरतं ते नाव नव्हतं.

परत पहिल्या टेबलाशी आलो. त्या माणसाने वरही पाहिलं नाही. "मॅडम, तुम्हाला सांगितलं ना? कायदा आहे." भाऊ माझ्या पाठीमागे कुजबुजला, "ताय, चल घरा जाव. भगताला दाखवू." भावजय बाकावर तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. तीही म्हणाली, "भांडू नको गं. हाकलून देतील." बाई, ती तुमचंच वाक्य बोलत होती. तुमच्या वर्गात ती कधी बसली नव्हती, शाळेचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, तरी तिला ते पाठ होतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. तुमच्यासारख्या माणसाचं काम गोड बोलून होत असेल. आमच्याशी टेबलापलीकडून आधी कुणी गोड बोललंय का, की आम्ही तिथून सुरुवात करावी?

मी टेबलापुढे जमिनीवर बसले आणि मोठ्याने बोलले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "ते म्हणतात तुमची, तुम्ही म्हणता त्यांची. दोघांचीही नसेल तर ही कुठल्या देशाची बाई आहे, तेवढं लिहून द्या. मी उठते."

"मॅडम, असं बसता येत नाही इथे."

"मंग उचला."

शाळेची मराठी कधीच सुटली होती, पाड्यावरची बोली तोंडात आली होती. रांगेतली एक म्हातारी, ओळख ना पाळख, येऊन माझ्या शेजारी बसली. मग आणखी एक बाई बसली. कुणीतरी आत जाऊन झडप तपासणाऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ते भावजयीकडे पाहून म्हणाले, "आधी हिला वॉर्डात घ्या. कायदा मी बघतो." त्यांनी तिथूनच योजनेच्या वरच्या साहेबांना फोन लावला आणि एकच विचारलं, "विमा मिळत नसेल तर विमा आहे असं कसं म्हणायचं?" दोन दिवसांनी राज्याच्या योजनेतून मंजुरी आली.

भावजय बरी आहे. यंदा नाचणीच्या लावणीला ती माझ्या पुढे होती आणि मलाच दम लागला. मला मात्र न सांगता गैरहजर राहिल्याबद्दल नोटीस मिळाली. त्या नोटिशीला मी उत्तर दिलंय, आणि त्यात खेदाचा शब्द नाही. त्या ठेकेदारावरही तक्रार केली आहे. तो दरवाजा अजून उघडलेला नाही, पण मी वाजवत राहणार. तुमची शिकवण चुकीची होती, बाई. तुम्ही आम्हाला सांभाळून ठेवायला ती दिलीत, हे कळतं मला. तरीही चुकीची होती. आता उपकेंद्रात येणाऱ्या पोरींना मी उलटं शिकवते.

हे पत्र कुठे टाकायचं, कुणास ठाऊक. तुमचे घरचे कुठे आहेत तेही मला माहीत नाही. पाड्यावर सगळे सांगतात, आमच्या पोरीने नाशकात ठिय्या दिला. मीही ऐकून घेते, खोडत नाही. खरं तुम्हाला एकटीला सांगते: ठिय्या वगैरे काही डोक्यात नव्हतं. त्या माणसासमोर माझे पाय इतके लटपटायला लागले की उभं राहवेना, म्हणून मी खाली बसले.