मी होपलेस असल्याचं सिद्ध करताना

३ मार्च
ठरलं! दिवाळखोरी जाहीर करायची. क्रेडिट कार्डं, दुकानाचं थकलेलं भाडं, बाइकचं लोन, एज्युकेशन लोन, सगळं एका फटक्यात साफ. ताईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, आधी सोफ्यावरून ऊठ आणि आंघोळ कर.

५ मार्च
वकीलबाईंना भेटलो. हुशार, पण निगेटिव्ह. म्हणाल्या, बाकीची कर्जं जातील, शिक्षणाचं सहजासहजी जात नाही. त्यासाठी कोर्टाला पटवावं लागतं, की हा माणूस आज कडका आहेच, पण पुढेही कधी वर येणार नाही. मग माझा बायोडेटा वाचला. म्हणाल्या, केस स्ट्राँग आहे. हुरूप आला.
लोन बिझनेस मॅनेजमेंटच्या डिग्रीचं. नंतर तीन बिझनेस काढले. तिन्ही बुडाले, पण मॅनेजमेंट उत्तम होतं.

९ मार्च, सकाळी
संकल्प: रोज आरशासमोर प्रॅक्टिस. वाक्य एकच. मला पुढे काही जमणार नाही.
संध्याकाळी: तोंडातून निघेना. आरशातला माणूस फारच कर्तबगार दिसतो. आता दाढीच वाढवतो.

१४ मार्च
दाढी शोभते. शेजारच्या काकूंनी विचारलं, मोठ्या पोस्टवर लागलास का रे? पंचाईत.

१८ मार्च
भावोजींनी रंगीत तालीम घेतली. ते जज, मी मी. मी अडखळलो, तर माझ्या वतीने तेच बोलायला लागले. माल न भरता दुकानाचं उद्घाटन केलं होतं, तिथून सुरुवात. दोन चहा झाले तरी थांबेनात. माणूस इतकं छान बोलतो, माहीत नव्हतं.
ताई मध्येच आत गेली. मागे गेलो तर डोळे पुसत होती. म्हणाली, हे लोन गेलं नाही तर जन्मभर हप्तेच फेडत बसशील रे. कोर्टात फक्त शहाणपणा करू नकोस. मला कसंतरीच झालं. वचन दिलं.

२६ मार्च
उद्या सुनावणी. भावोजींचा विरलेल्या कॉलरचा शर्ट घेतला. मान खाली, आवाज बारीक. केस खिशात.

२७ मार्च, दुपारी
सुरुवात झकास. मी इतका केविलवाणा दिसत होतो, की शिपायाने न मागता पाणी आणून दिलं. मग बँकेचा वकील उठला. गोड माणूस. म्हणाला, साहेब, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला पुढे खरंच काही स्कोप नाही?
साहेब म्हणाला! किती वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. मग थोडक्यात सांगितलं. घरपोच लाँड्रीची आयडिया, पाच वर्षांचा प्लॅन, चाळीस शाखा. जजबाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. बँकेचा वकील तर प्रत्येक शब्द लिहून घेत होता. आमच्या वकीलबाईंना सारखा खोकला येत होता. ताईने कपाळाला हात लावला होता. उकडत असणार.
एकंदरीत छाप पडली.

३ एप्रिल
निकाल आला. बाकी सगळी कर्जं माफ. एज्युकेशन लोन कायम, व्याजासकट. कारण छापलंय: अर्जदार तरुण, सुशिक्षित आणि स्वतःच्या भवितव्याविषयी कमालीचा आशावादी आहे. माझ्याबद्दल एवढं चांगलं कोणी लिहिलंच नव्हतं! ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती आधी रडली, मग हसायला लागली, मग म्हणाली, सोमवारपासून भावोजींच्या गोडाऊनवर जायचं.
भावोजींना पोस्ट विचारली. म्हणाले, गोणी उतरवायच्या.

६ एप्रिल
पाठ गेली. हात वर होत नाही. असे हप्ते किती वर्षं आहेत ते बँकेला फोन करून विचारलं, आणि गोणीवरच बसलो.
सुनावणी आज असती, तर जिंकलो असतो.