चार अंश पुढे

११ मार्च
कॉरिनने शर्यतीच्या गाडीच्या इंजिनासाठी कॅमशाफ्ट निवडला. अर्थातच सगळ्यात जहाल! "बाबा, हाच बसवायचा. गाडी नुसती उभी असली तरी लोकांची कॉफी हिंदकळली पाहिजे." मी हो म्हणालो. पोरीचं खांद्याचं हाड आत्ता कुठे जुळलंय.

१२ मार्च
झोप नाही. सप्टेंबरात शर्यतीत कॉरिनची गाडी उलटली तेव्हा मी कुंपणाशी होतो. धुळीत काही दिसत नव्हतं. तेवढंच परत परत दिसतं.

१५ मार्च
दुकानात फोन करून दुसराच कॅमशाफ्ट मागवला. मवाळ, शेतावरच्या पिकअपला शोभेल असा. इंजिनाने श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, ते हा दांडाच ठरवतो. जहाल असला तर वरच्या वेगाला पेटतो. मवाळ असला तर तिथे धापा टाकतो.

आयुष्यभर मी सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतींत गाड्या पळवल्या. शर्यत शेवटच्या टोकाला जिंकतात, हे मला कुणी शिकवायला नको. धापा टाकणारं इंजिन म्हणजे मागे राहिलेली पोर. मागे राहिली तर राहू दे, धडधाकट राहील!

२२ मार्च
कॉरिन बँकेत कामाला गेली की गॅरेज माझं. मवाळ दांडा बसवला. नुसत्या खुणा जुळवून भागत नाही, म्हणून अंशांची चकती लावून दांडा नेमका बसलाय का ते मोजलं. बरोबर होतं. मग मुद्दाम चार अंश पुढे सरकवलं — कमी वेगाला जास्त ओढेल, वरच्या वेगाला आणखी लवकर दम सोडेल. पिस्टनवर पोरांच्या खेळातली माती थापून व्हॉल्व्ह आपटत नाही ना, तेही पाहिलं. नव्या दांड्याचं खोकं जाळून टाकलं.

अर्लीन दारात येऊन उभी. संसार केलाय माझ्याशी, तिच्यापासून काय लपणार.
"काय चाललंय ते कळतं हो मला, व्हर्जिल."
मी पाना पुसत राहिलो.
"मग तोंडावर सांग की तिला."
सांगून ऐकणारी पोर असती तर हा उद्योग कशाला केला असता?

५ एप्रिल
इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. कॉरिन कान देऊन ऐकत होती. "बाबा, फारच शहाण्यासारखं चालतंय हे." "कार्बोरेटर नीट लावलाय मी," म्हणालो. तिने विश्वास ठेवला. तेच जास्त लागलं.

१९ एप्रिल
उद्या शर्यत.

२१ एप्रिल
काल जिंकली. अर्ध्या फेरीने!

मैदानावरची माती वाळून गुळगुळीत झाली होती. जहाल इंजिनांची चाकं वळणातून निघताना जागीच गरगरायची, आणि ही खालूनच ओढत पुढे निघून जायची. त्या एवढ्याशा गोल मैदानावर वरचा वेग गाठायला जागाच नाही. सरळ पळण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे सुचलंच नाही. गाढव आहे मी.

कॉरिन गळ्यात पडली. "मला जिंकवायला कॅम बदललास ना? पहिल्याच वळणात कळलं मला. असा बाप कुणाला मिळत नाही."
अर्लीन माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

२६ एप्रिल
कॉरिनने बँक सोडली. टेनेसीच्या एका टीमने उचलली तिला — मोठी मैदानं, दुप्पट वेग, आठवड्याला तीन शर्यती. सोमवारी निघते.