'इतर औषधे' या रकान्याबद्दल

आई,

आजची पुडी घेऊ नकोस. पुड्यांचा डबा शोधत बसू नकोस, तो घेऊन मी हॉस्पिटलमध्ये चालले आहे. चहा थर्मासमध्ये आहे.

काल हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'इतर औषधे' या रकान्यात मी 'काही नाही' असं लिहिलं. तू टेबलाखालून माझा पाय दाबलास म्हणून नव्हे. सगळ्यांसमोर डॉक्टर तुला हसतील, अशी मलाच भीती वाटली. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्या खऱ्या की खोट्या ते तपासते आणि घरचीच माहिती खोटी दिली.

आज उठल्याउठल्या तुझ्या वैद्यबाईंना फोन केला. त्या माझ्यावरच उखडल्या. "परवा गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मला आज कळतंय? या पुडीने रक्त थांबायला वेळ लागतो. पंधरा दिवस आधीच बंद केली असती मी!" म्हणजे तू डॉक्टरांना पुडी सांगितली नाहीस आणि बाईंना ऑपरेशन. धन्य आहेस!

दहा वाजता बाई स्वतः डॉक्टरांशी बोलणार आहेत. तारीख बहुतेक पुढे जाईल. तू मनाची तयारी करून पिशवीसुद्धा भरून ठेवलीस, हे मला माहीत आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव, फॉर्मवर सही माझी आहे.

तो रकाना आज नीट भरते. पुडीत काय आहे, किती घेतेस, कधीपासून. आणि ती घेतल्यावर तुझं दुखणं कमी होऊन झोप लागते, तेही लिहिणार आहे. डॉक्टर हसले तर हसू देत.

धाकटी