खोट तुझ्या हातात नव्हती, दादूस

प्रिय दादूस,

काल दुपारी तुझी लाल गाडी सुरू झाली. चार वर्षं ताडपत्रीखाली होती. तीन तू असताना, एक तू गेल्यावर. तुझ्या प्राचीने चावी फिरवली, तिसऱ्या झटक्याला इंजिनाने धरलं, आणि वहिनी हातातलं सूप तिथेच टाकून शेडकडे धावली. आवाजाने शेजारचे गॅलरीत आले. तू असतास तर ओरडला असतास, "काय बगताय, लगीन हाय का इथं?"

पत्र लिहायची मला सवय नाही. गणित शिकवणारी बाई मी, फळ्यावर उत्तर लिहिलं की माझं बोलणं संपतं. पण एक गोष्ट मी प्राचीला सांगितली, वहिनीला सांगितली, आणि जी सगळ्यात आधी तुझ्या कानावर जायला हवी होती ती तुलाच सांगायची राहिली. म्हणून आज लिहिते आहे.

द्रोणागिरीच्या गोदामामागून तू ही गाडी टेम्पोत घालून आणलीस तो दिवस आठवतो? दोनच माणसं बसतील एवढी, वर छप्पर नाही, आत गवत उगवलेलं. वहिनी म्हणाली, "आनि पोरीला कुठं बसवाल?" तू म्हणालास, "पोरगी मोठी झाली का तीच चालवल. तवर आमी चालवतो." थट्टाच केली होतीस ना?

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस विलायती स्पोर्ट्स कार उघडून बसला म्हणून अख्खं करावे गाव हसलं. तू कुणाकडे पाहिलं नाहीस. काढलेल्या प्रत्येक भागाला जाळ्याचा दोरा बांधायचास. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, दहा झाले की एक मोठी गाठ. बसवताना उलट्या क्रमाने यायचं. मी म्हटलं, चिठ्ठ्या लाव की! तर म्हणे, "चिठ्ठीला तेल लागलं का वाचता येत नाय. गाठ आंधल्यालाही कलते."

मग जुन्या गाड्यांच्या रॅल्या सुरू झाल्या. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी रूटबुक आणि स्टॉपवॉच घेऊन. लोकांना वाटायचं आपण शर्यतीला जातो. आपल्याला तर ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या सेकंदाला पोचायचं असायचं. लवकर पोचलं तरी गुण कापले जायचे. "बाय, सांग," एवढंच तू म्हणायचास, आणि मी आकडा सांगायचे. दिवसभरात आपण वीस वाक्यंसुद्धा बोललो नसू. इतकी सुखात मी कुठेच नसायचे!

आता ती गोष्ट.

कोकणातल्या त्या रॅलीत आपण फेरीबोटीची वाट पाहत जेट्टीवर थांबलो होतो. गाडी तापली होती. तू रांग किती आहे ते बघायला पुढे गेलास, जाताना म्हणालास, "थंड झाली का पानी भर." आपला कॅन रिकामा होता. जवळपास नळ दिसेना. मी पायऱ्या उतरले आणि खाडीचं पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. दोन कॅन.

मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, दादूस. बाबांच्या होडीत लहानपणापासून हेच पाहिलं होतं. इंजिनाला थंड करायची ती खाडीच. होडीत ते पाणी एकीकडून आत येतं आणि दुसरीकडून वाहून जातं, गाडीत मात्र तेच ते आत फिरत राहतं, एवढा साधा फरक मला सुचला नाही. तू आलास, विचारलंस, "पानी भरलंस?" मी म्हटलं, "भरलं." कुठलं, ते तू विचारलं नाहीस. का नाही विचारलंस रे?

त्यानंतर पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी राहिली, ते खारं पाणी पोटात घेऊन. पुढच्या रॅलीत आपण दुसऱ्या दिवशी पहिल्या तिघांत होतो. आणि घाटात बॉनेटमधून वाफ आली. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गेलं होतं. तू रस्त्याकडेच्या दगडावर बसलास आणि स्वतःचे तळवे बघत राहिलास. "हेड मीच बसवलेलं. माजेच हातात खोट आयली."

घरी आल्यावर तू गाडी झाकलीस, हेड पुन्हा उघडून पाहिलंही नाहीस. होड्यांची मोठी कामंही घेईनासा झालास.

मला उलगडा झाला तो वर्षभराने. शाळेत विज्ञानाच्या बाई मुलांना मिठाचं पाणी ॲल्युमिनियम कसं खातं ते दाखवत होत्या. मी दारात उभी होते. आपलं हेड ॲल्युमिनियमचं! त्याच संध्याकाळी मी जुईनगरहून तुझ्याकडे आले. तू ओट्यावर जाळं दुरुस्त करत होतास. "ये बाय, च्या घे." मी चहा घेतला आणि परत गेले. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. मी, जी सगळं मोजते.

मग तू गेलास, सकाळच्या भरतीच्या वेळी, जेट्टीवर उभ्या उभ्या. आता कुणाला सांगायचं होतं?

वर्षश्राद्ध झालं आणि प्राची म्हणाली, "आत्या, गाडी काढूया. जानेवारीत सहा दिवसांची रॅली आहे, कच्छपर्यंत. मी चालवणार, तू शेजारी." वहिनी लगेच म्हणाली, "आधी ब्रेक बदला. त्या ब्रेकवर मी पोरगी सोडायची नाय."

हेड तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं. म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं. खाली खड्डेच खड्डे, पांढरी पूड. ते हसून म्हणाले, "मॅडम, ये गाडी समुंदर में चलाते थे क्या?" प्राचीपण हसली. "बाबाच असणार. बोटीची सवय!"

गप्प राहणं मला किती सोपं जातं, तुला माहीत आहे. त्या क्षणी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तुझ्या हाताला एक खोट तू स्वतः लावून घेतली होतीस, त्यावर ही दुसरी बसली असती, आणि ती पुसायला तू नव्हतास.

मी म्हटलं, "दादाने नाही. ते पाणी मी घातलं."

हेड काढायला मिस्त्री स्वतः शेडवर आले होते, बोल्ट त्यांनीच सोडवले होते. ते म्हणाले, "जिसने ये हेड बिठाया था ना, उसका हाथ एक नंबर. एक बोल्ट कमजादा कसा नहीं था." ऐकलंस ना, दादूस? परत वाच हवं तर.

प्राची गाडीत बसल्यावर बोलली. "आत्या, ते तीन वर्षं हात बघत बसायचे." मग दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "डायनॅमोच्या दोऱ्याला एक मोठी गाठ आणि तीन बारीक आहेत की चार? मला कळत नाहीये. तू ये." मी तशीच रिक्षा करून गेले. चार होत्या.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती कोलंबी सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "त्यानं तरी इचारायचं होतं, पानी कुठलं ते! दोगं भावंडं सारकीच, मिठाची गुलनी धरून बसनारी." आणि मला जेवायला थांबवून घेतलं.

तर आता ऐक, आणि रागावू नकोस. हेड वेल्डिंग करून, घासून सपाट केलं. पुढे डिस्क ब्रेक बसवले. बॅटरी चार्ज करायला डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, रेडिएटर मोठा घेतला, त्याला विजेचा पंखा, इंजिनाखाली पत्रा. तुला पटलं नसतं. "मंग नवीच गाडी घ्या ना!" हे वाक्य मला काम चालू असताना रोज ऐकू यायचं. पण सहा दिवस, रोज चारशे किलोमीटर, आणि स्टिअरिंगवर तुझी मुलगी. जुना एकही भाग टाकलेला नाही. सगळे पेटीत आहेत, प्रत्येकाला दोरा आणि गाठी. गाठी प्राचीने घातल्या.

रविवारी सकाळी निघतो. वहिनीचं फर्मान आहे, होडी असो की गाडी, खाडीला नारळ दिल्याबिगर निघायचं नाय. तिने नारळ आणूनही ठेवलाय. माझ्या सीटमागे गोड्या पाण्याचे दोन कॅन आहेत, नळाखाली मी स्वतः भरले. प्राची "पाणी भरलंस?" विचारेल तेव्हा कुठलं भरलं ते मी तिने विचारायच्या आत सांगेन. खाडीला नारळ देईन, दादूस. तिच्याकडून पाणी घेणार नाही. हा तुला शब्द.

तुझ्या शेजारच्या सीटवरची,
बाय