मी खोडलेली प्रत

प्रिय सूनबाई,

अनेक उत्तम आशीर्वाद. ज्याच्या कृपेने विसरलेल्याला आठवते आणि चुकलेल्याला परतीची वाट सापडते, त्या दयाघनाला प्रथम वंदन करतो आणि मगच लेखणी उचलतो. कारण आज जे लिहायचे आहे ते केवळ माझ्या बळावर लिहून होणारे नाही. तुमच्या लग्नाला सहा वर्षे झाली, पण तुला स्वतंत्र पत्र असे मी आजवर लिहिले नाही. जे कळवायचे ते चिरंजीवांमार्फत, तेही 'तिलाही सांग' एवढे शेपूट जोडून. तो दोष पदरात घेऊनच आरंभ करतो.

पहिली वार्ता आनंदाची. तुझ्या सासूबाईंनी आज सकाळी उजव्या हाताने चहाचा कप कान धरून उचलला. अर्धा चहा बशीत सांडला, तरी मलाच म्हणाल्या, "बघत काय बसलात? टाळ्या वाजवा. माझा हात कामात आहे." आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताने लुळा पडलेला तो हात पुन्हा वळू लागला, याचे श्रेय डॉक्टरांना आहे, सासूबाईंच्या स्वतःच्या हट्टाला आहे आणि तुझ्या त्या खेळयंत्राला आहे. बाजारातला गेम कन्सोल दहाही बोटे चपळ असणाऱ्यांसाठी घडवलेला. तू तो उघडलास, त्याच्या मेमरी कार्डावर स्वतः रचलेला खेळ घातलास आणि बटणांच्या जागी एक मऊ रबरी चेंडू जोडलास. चेंडू दाबला की पडद्यावरचे पाखरू पंख हलवते. मूठ सैल सोडली की ते फांदीवर उतरते. त्या दिवशी मी दारात उभा राहून म्हणालो होतो, "कंपनीने बंद करून दिलेली वस्तू उघडू नये." तू दातांत स्क्रू धरूनच उत्तर दिलेस, "बाबा, बंद ठेवली तर आईंच्या काय कामाची?" मला ते उद्धट वाटले होते. आता वाटते, इतके सरळ उत्तर मला फार वर्षांत कोणी दिले नव्हते.

गेल्या महिन्यातील त्या मंगळवारी पडद्यावर सूचना आली की यंत्रात जागा उरली नाही. पाखराला पुढच्या रानात जायचे होते आणि सासूबाई घाई करत होत्या. तुला विचारले असते तर दोन मिनिटांचे काम. पण चाळीस वर्षे जुन्या पोथ्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून शुद्ध पाठ ठरवणाऱ्याला दोन मिनिटांची मदत मागणेही जड जाते, हे तुला काय सांगावे! रोजची नोंद पाहण्यासाठी कार्ड संगणकात कसे घालायचे ते तू मला शिकवले होतेस. मी यादी उघडली. पाहतो तर दोन फोल्डर, नावांत एका अक्षराचा फरक, आणि दोहोंत त्याच नावांच्या फायली ओळीने बसलेल्या. आमच्या शास्त्राचा नियम असा की एकच मजकूर लागोपाठ दोनदा आला, तर दुसरा लेखनिकाच्या डुलकीचा समजावा. मी पेन्सिल घेऊन आठ नावे ताडली, मजकूर एकाचाही उघडला नाही आणि दुसरा फोल्डर काढून टाकला. कोणा विद्यार्थ्याने नुसती शीर्षके वाचून पाठ खोडला असता, तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. संगणकाने विचारलेही, कायमचे काढायचे का? मी ठामपणे होय म्हटले. कार्ड परत घातले आणि पडदा काळा पडला. जी मी नक्कल समजलो, ती यंत्राला जागे करणारी मूळ व्यवस्थाच होती.

तीन दिवस मी गप्प राहिलो. सासूबाईंना सांगितले, यंत्र विश्रांती घेत आहे. त्या म्हणाल्या, "त्याला बरी विश्रांती मिळते! मला तर व्यायामाच्या बाई एक दिवस सोडत नाहीत." व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावले होते की सरावात खंड पडला तर बोटे पुन्हा आखडतील. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत डोकावलो, तर त्या डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा उलगडत होत्या. सोडला की तो पुन्हा तळव्यात मिटत होता. त्यांनी मला पाहिले नाही. मी स्वयंपाकघरात आलो आणि तुझ्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानाचा नंबर फिरवला.

माझा आवाज ऐकून तू प्रथम विचारलेस, "आई बऱ्या आहेत ना?" मग मी काय केले ते सारे ऐकून घेतलेस  आणि म्हणालीस, "बाबा, आधी पाणी प्या. यंत्र कुठे पळून जात नाही." मी क्षमा मागू लागलो तर मध्येच तोडलेस, "काय डिलीट झालं ते सांगा. कुणी केलं ते मी कुठे विचारलंय?" मग तू मला कन्सोलच्या खोक्याच्या तळाचा पुठ्ठा उचलायला लावलास. खाली एक छोटे कार्ड चिकटवलेले होते. "काहीही बदलण्याआधी आहे तशी पूर्ण प्रत काढून ठेवायची, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त," असे तू सहज बोलून गेलीस. सूनबाई, मूळ पोथीला हात लावण्याआधी नक्कल करावी, ही माझ्याही विद्येची पहिलीच शिस्त. तू ती पाळलीस, मी मोडली.

पुढचा पाऊण तास तू दुकानातील गिऱ्हाइकांना थांबवून मला एकेक पायरी सांगत होतीस आणि मी वहीत उतरवत होतो. त्या कार्डावरून मी खोडलेल्या फोल्डरची प्रत संगणकात घेणे, तेथून यंत्राच्या कार्डावर उतरवणे, दोन बटणे दाबून ठेवून मगच यंत्र चालू करणे. पहिल्या खेपेस माझे बोट उशिरा पडले आणि पडदा पुन्हा काळा. "परत करा. माझ्याकडूनही होतं असं." दुसऱ्या खेपेस पांढऱ्या अक्षरांची यादी उमटली आणि एक पट्टी गोगलगाईसारखी सरकू लागली. "आता श्वास घेतलात तरी चालेल, बाबा. वायरला मात्र हात नको." अखेर झाड दिसले, फांदी दिसली, फांदीवर पाखरू दिसले. सासूबाईंच्या एकशे त्र्याहत्तर दिवसांच्या नोंदीही जागच्या जागी होत्या. त्या आतून ओरडल्या, "आलं का माझं पाखरू माहेरपण करून?" मी फोन त्यांच्या दाराकडे धरला. तू म्हणालीस, "ठेवते, बाबा. गिऱ्हाईक उभं आहे."

येथवरचे सारे तुला ठाऊक आहे. मग हे पत्र कशासाठी? गेल्या रविवारी तुम्ही दोघे व्हिडिओवर होतात. यंत्र तीन दिवस बंद होते हे सासूबाईंच्या तोंडून निघाले आणि चिरंजीवांनी कारण विचारले. तू म्हणालीस, "माझ्याच जोडणीत काहीतरी राहिलं असेल." ते हसून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, उघडलेल्या यंत्राचा काय भरवसा! पुढच्या रविवारी नवं कोरं आणतो, हे देऊन टाकू." मी समोर बसून चष्मा पुसत राहिलो. माझ्या मानासाठी तू खोटा दोष घेतलास आणि मी तो तुला घेऊ दिला. नव्या यंत्राला तुझा चेंडू जोडलेला नसेल, आणि सासूबाईंचा हात मात्र तोच असेल. म्हणून रविवारी जेवणाच्या टेबलावर, खोके उघडण्यापूर्वी, हे पत्र मोठ्याने वाच. समोरासमोर माझी जीभ पुन्हा अडखळेल. म्हणून जे बोलायचे ते आधीच लिहून तुझ्या हाती देत आहे. चूक यंत्राची नव्हती, जोडणीची नव्हती, माझी होती. तुझ्या हाताने उघडलेले यंत्रच या घरात राहावे, ही माझी विनंती आहे.

तुझ्या हातांना सदैव यश लाभो. आणि हे पत्र जे वाचतील, जे ऐकतील, त्या सर्वांना चूक कबूल करण्याचे बळ आणि ती सांभाळून घेणारे माणूस, दोन्ही वेळेवर मिळोत.

तुझाच,
बाबा