टिपणाची ऐसपैस चौकट

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

आजपासून रोजनिशी. कारण ग्रंथपालसाहेब मार्चअखेर निवृत्त होतायत आणि त्यांच्या खुर्चीत मी बसणार आहे. माणूस घडत असताना नोंद राहिलेली बरी. वाचणारा मीच, त्यामुळे विनय बाजूला ठेवतो.

संध्याकाळी

साहेबांनी बोलावलं. वाचनालय ऑनलाइन होणार म्हणे. कार्डं बंद, रजिस्टर बंद. वाचक घरबसल्या फोनवरून पुस्तक राखून ठेवणार. विचारलं, मग वाचणार पण फोनवरच का? साहेब हसले नाहीत. म्हणाले, नवा ग्रंथपाल निवडताना हे काम कोणाला किती जमतं, ते कमिटी बघणार आहे.

जमतं म्हणजे काय? सव्वीस वर्षं काउंटर सांभाळलाय. कॉम्प्युटरला भितो की काय.

संकल्प: आठवड्यात सगळं शिकून मोकळं व्हायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

ट्रेनिंग. अकरा व्हिडिओ. अकराही एकाच गुळचट आवाजात. आता हिरव्या बटणावर क्लिक करा. पहिला पूर्ण पाहिला. दुसरा, खोलीत उकडत होतं म्हणून, डोळे मिटून ऐकला. उघडले तेव्हा नववा चालू होता. सार लक्षात आलं.

शेजारी स्टिकर. पुस्तकांवर लेबलं चिकटवायला म्हणून तीन वर्षांपूर्वी लागली, तेव्हापासून मनातल्या मनात मी तिला हेच म्हणतो. ती व्हिडिओ थांबवून थांबवून लिहून घेत होती. एकदा ऐकून कळत नाही, त्याला कोण काय करणार. वर मला काका म्हणते. तिला दोन मुलं आहेत. काका कसला?

९ फेब्रुवारी, सोमवार

पासवर्ड तीनदा चुकला. खातं बंद पडलं. स्टिकरने उघडून दिलं. चूक माझी नव्हती, बटणं चिकट होती. कीबोर्ड उलटा करून झटकला तर बिस्किटांचा भुगा पडला आणि एक नख. अख्खं. कोणाचं ते कळेना. दुपारचा डबा तसाच परत नेला.

आठवड्याचा संकल्प महिन्यावर नेला आहे. घाईत केलेलं काम टिकत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज परत आलेल्या पुस्तकांत सापडलेला ऐवज: एक लांब केस, एक आखूड केस, चपटा झालेला डास, आणि खूण म्हणून ठेवलेली मलमपट्टी. वापरलेली. आणि म्हणे वाचनाने माणूस सुसंस्कृत होतो.

यावरून सुचलं. आमच्या काउंटरचा एक जुना रिवाज आहे. सभासदाच्या कार्डामागे पेन्सिलने बारीक खूण करायची. थुं म्हणजे थुंकी लावून पान उलटणारा. को म्हणजे कोपरे मुडपणारा. डा म्हणजे डाग पाडणारा. माझ्या आधीच्या काउंटरवाल्याने मला शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. कार्डं रद्दीत गेली की पाचशे सभासदांची कुंडली रद्दीत. कोणाला पडलीय त्याची? कोणालाच नाही.

मला पडलीय. ही सगळी माहिती मी ऑनलाइन नेणार. मुलाखतीत हे माझं हुकमाचं पान.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सभासदाचं खातं उघडायला जमलं! (तिसऱ्या प्रयत्नात. पहिले दोन सराव.) टिपणासाठी दोन चौकटी आहेत. पहिली एवढीशी, जेमतेम दोन ओळी मावतात. दुसरी ऐसपैस, कोपऱ्यात घंटेचं चित्र. शोभेला असावं. मी ऐसपैस घेतली. स्टिकर दोन्हींतला फरक समजवायला पुढे सरसावली. चौथ्या व्हिडिओत नीट दाखवलंय म्हणे. म्हटलं, चौथा मी मन लावून ऐकलाय, तू तुझं काम कर. गेली बिचारी.

एवढी जागा असताना नुसत्या खुणा कशाला? पूर्ण वाक्यं लिहिणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

हात बसला. आजचे काही नमुने उतरवून ठेवतो, चांगले झालेत.

वाचनालयाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर: ‘बोट जिभेला लावून पान उलटतात. दिवसभर त्या बोटाने काय काय चाचपलं असेल, हा विचार करवत नाही.’

निवृत्त मुख्याध्यापिका, कमिटी सदस्य: ‘छापील पुस्तकात लाल शाईने चुका दुरुस्त करतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.’

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार: ‘यांनी परत केलेलं पुस्तक उघडलं की तीन शिंका.’

बायको: ‘घरची सभासद. जेवताना वाचते. पानापानावर रस्सा. सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.’

आपपरभाव केला नाही. प्रशासकाला तो करून चालत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

चमत्कार. वाचकांना शिस्त लागतेय. किराणा दुकानदाराने पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं, दोन बोटांत धरून काउंटरवर ठेवलं आणि अवाक्षर न बोलता गेला. एरवी अर्धा तास डोकं खातो. एक गृहस्थ पुस्तक घेण्याआधी नळावर हात धुऊन आले, ओले हात माझ्यासमोर धरले आणि विचारलं, आता चालेल ना? म्हटलं, उत्तम.

मुख्याध्यापिका बराच वेळ चष्म्यावरून बघत होत्या. मग म्हणाल्या, भाषा शुद्ध आहे हो तुमची. आजवर त्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक ऐकलं नव्हतं. माणसाच्या नुसत्या अस्तित्वाचा प्रभाव पडतो तो असा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना बायकोने फोन माझ्या नाकासमोर धरला. हे काय आहे, असं विचारलं. चष्मा आत राहिला होता. बहिणीने पाठवलेला फोटो असणार, म्हणून छान आहे म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, छान आहे? म्हटलं, फारच छान. ताट उचलून ती आतल्या खोलीत जाऊन जेवली.

तेव्हापासून घरात शांतता. अभ्यासाला पोषक.

६ मार्च, शुक्रवार

काउंटरवर शुकशुकाट. या आठवड्यात काही जणांनी सभासदत्वच रद्द केलं. ऑनलाइनचे हे दुष्परिणाम, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. साहेब शिल्लक रजा संपवतायत, त्यामुळे सांगायचं कोणाला?

ताजी खबर: ग्रंथपालपदासाठी स्टिकरनेही अर्ज केलाय. लेबलं चिकटवणारी! संताप आला. दिवसभर मागे लागली होती, काका, जरा बोलायचंय, महत्त्वाचं आहे. माघार घ्या म्हणून विनवणार, दुसरं काय. म्हटलं, जे काय असेल ते मुलाखतीनंतर. तिचा चेहरा पडला. मला तिची दया आली, पण लगेच गेली.

१८ मार्च, बुधवार

पाचशेच्या पाचशे टिपणं पूर्ण. शेवटी शेवटी तर वाचकाचा चेहरा पाहूनच मजकूर सुचायचा. आता प्रिंट, बारकोड, राखीव पुस्तकं वगैरे किरकोळ गोष्टी तेवढ्या राहिल्यात. मुलाखतीच्या सकाळी बघून घेईन.

२५ मार्च, बुधवार. सकाळी

आज मुलाखत. इस्त्रीचा शर्ट स्वतःच शोधला. बायको अजून मोजकंच बोलते. नवऱ्याची बढती म्हटली की बायकांना दडपण येतंच.

योजना ठरली. हुकमाचं पान शेवटी काढायचं.

संध्याकाळी

लिहिण्याची इच्छा नाही. तरी लिहितो.

मोठा पडदा लावला होता. अध्यक्ष, मुख्याध्यापिका, आणखी दोघे. आधी स्टिकर येऊन गेली, अर्ध्या तासात सगळं करून दाखवलं म्हणे. माझ्या वेळी मुख्याध्यापिकांनी सुचवलं, एखाद्या सभासदाला पुस्तक देऊन दाखवा. कोणालाही चालेल म्हणाल्या. मी म्हटलं, कोणालाही कशाला, साक्षात अध्यक्षांनाच देतो. दीड-दोन महिने त्यांनी पुस्तक नेलं नव्हतं, त्यांनाही बरं वाटेल. मुख्याध्यापिका हसल्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं, ती बाई हसत नाही.

एकदाही न चुकता पुस्तक दिलं. बटण दाबलं आणि अध्यक्षांच्या खिशात घंटी वाजली. त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि कौतुकाने मोठ्याने वाचायला घेतलं. आपण अमुक पुस्तक घेतल्याबद्दल आभार. वाचनालयाचा आपल्यासाठी निरोप. बोट जिभेला लावून पान…

पुढे मनात वाचलं. मग आपल्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

ती घंटा शोभेला नव्हती. ऐसपैस चौकटीत लिहिलेलं सगळं, सभासदाने पुस्तक घेतलं की त्याच्या फोनवर जातं. महिनाभर रोज जात होतं. मुख्याध्यापिकांनी आपला फोन पुढे केला आणि म्हणाल्या, मलाही आलंय, त्यात लाल शाईने दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, मी दाखवलं होतं. ग्लानी आल्यासारखं वाटतंय. बहुतेक पित्त.

१ एप्रिल, बुधवार

स्टिकर ग्रंथपाल झाली. आता तिला बाई म्हणायचं. माझ्याबद्दल कमिटीत काय चर्चा झाली, ते कोणी सांगत नाही. नोकरी राहिली. बाई माझ्यासाठी भांडल्या, असं शिपाई म्हणाला. हे ऐकून जास्तच शिसारी आली. काढून टाकलं असतं तर निदान राग तरी धरता आला असता.

बाईंचे पहिले दोन हुकूम. एक: काकांनी सगळी टिपणं स्वतः पुसायची. एकेक. दर वेळी कॉम्प्युटर विचारतो, खात्री आहे का? पाचशे वेळा विचारणार. भाषा मात्र खरंच चांगली उतरली होती.

दोन: प्रत्येक कर्मचाऱ्याने सभासद होऊन एक पुस्तक घरी न्यायचं. वाचकाला काय दिसतं, ते आपल्यालाही दिसलं पाहिजे म्हणे. त्यांनी माझं खातं शोधलं. सापडेना. मग विचारलं, काका, तुमचं कार्ड कुठल्या नावावर आहे? कोणत्याच नाही. सव्वीस वर्षांत मी इथून एकही पुस्तक घरी नेलेलं नाही. इतक्यांचे हात लागलेलं घरात कोण नेणार? बाईंनी पेन काढलं. फॉर्म स्वतः भरून दिला.

१० एप्रिल, शुक्रवार

कपाटासमोर तासभर उभा. कुठलं पुस्तक कुठे ते झोपेत सांगेन, पण आत काय आहे ते माहीत नाही. चांगलं काय असतं ते कोणाला विचारणार? शेवटी किराणा दुकानदार मागे उभा होता (सभासदत्व रद्द केलेलं नाही, आश्चर्य आहे), त्याने न बोलता एक जाडसर कादंबरी काढून माझ्या हातात दिली. तीन शिंका आल्या. तो बघत होता म्हणून तिसरी दाबली.

१२ एप्रिल, रविवार. दुपारी

हात साबणाने धुतले. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. टेबल पुसलं. ताठ बसून, पानाची फक्त कड धरून वाचायला सुरुवात. पुस्तक कसं वाचावं, हे लोकांना एकदा दाखवून द्यायलाच हवं.

पहिली वीस पानं भिकार. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. या धड्यातली विधवा घर विकते की नाही, तेवढं बघून उठणार होतो. मग पलंगावर जरा आडवं होऊन वाचलं. पाठीसाठी.

पाच वाजता

जाग आली तेव्हा पुस्तक गालाखाली होतं. उशी म्हणून. पान गालाला चिकटलेलं. सोडवलं तर मधोमध तळहाताएवढा ओला डाग. लाळ. माझी.

किती वेळ बघत बसलो कोण जाणे. सव्वीस वर्षांत असलं काही पाहिलं नाही. मलमपट्टी परवडली. स्वतःची इतकी किळस आली की उठून पुन्हा हात धुतले. बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. दीड महिन्यात पहिल्यांदा हसली, आणि नीट बोलली. म्हणाली, रस्स्याचा डाग परवडला, तो निदान जागेपणी पडतो.

१३ एप्रिल, सोमवार. सकाळी

कोणी यायच्या आत वाचनालयात गेलो. पुस्तक इतर परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात मधोमध सरकवलं. डागाचं पान आत, कव्हर काढून. कोणाला कळायचं कारण नाही. ढिगात शंभर लोकांची घाण, त्यात हे एक.

संध्याकाळी

फोनची घंटी वाजली. वाचनालयाचा निरोप. पुस्तक घेतल्याचे ठरावीक आभार सोडले, तर सभासद म्हणून मला आलेला पहिलाच. चष्मा लावून वाचला.

‘पुस्तक मिळालं. एक पान ओलं होतं, पंख्याखाली वाळवून ठेवलंय, काळजी करू नका. ती विधवा पुढे काय करते, ते दुसऱ्या भागात आहे. तुमच्यासाठी राखून ठेवू का?’

खाली दोन बटणं. हो आणि नाही. असल्या गोडबोल्या निरोपांचा मला मनस्वी तिटकारा आहे. नाही दाबणार होतो.

हो वर बोट पडलं. चुकून.