तुमचं बोलणं कापताना

बाबा, या उन्हाळ्यात मी तुमचा आवाज लॅपटॉपवर घेऊन बसले होते. त्याचं मी काय केलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण करण्याआधी विचारायला तुम्ही नव्हतात. आणि असतात तरी उत्तर यायला वेळ लागला असता, हे तुम्हीच हसून म्हणाला असतात.

झालं असं की सौंसरच्या शाळेत मी मराठी शिकवते, आणि वर्गातल्या अर्ध्या मुलांना धडा वाचताना घाम फुटतो. त्यांना घरी फोनवर ऐकता यावेत म्हणून मी धडे रेकॉर्ड करायला घेतले. माइक आणला, लॅपटॉपमध्ये आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर टाकलं आणि गाद्या-रजयांच्या कपाटासमोर तोंड करून बसले, कारण तिथे आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात सौंसरात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पहिला धडा ऐकला तर त्यात शेजारचा कुकर, भाजीवाला, आणि मधूनमधून कुणावर तरी खेकसणारी एक बाई. ती मीच. इतकी वर्षं मुलांनी हे कसं सहन केलं कोण जाणे. मग हिंदीतले व्हिडिओ बघत बघत शिकत गेले. आवाज पडद्यावर दिसतो, बाबा. शब्द असेल तिथे रेघ फुगते, गप्प असाल तिथे सपाट होते. नको तो तुकडा निवडायचा, काढून टाकायचा, दोन टोकं जुळवायची. नुसती चिकटवली तर टक् असा आवाज येतो, म्हणून टोकं थोडी मऊ करून एकमेकांवर सरकवावी लागतात. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी माझे सगळे श्वासही काढून टाकले, तर धडा बँकेच्या फोनवरच्या मशीनने वाचल्यासारखा झाला. ते परत घातले. हे सगळं मला मनापासून आवडायला लागलं, आणि मला आवडतंय हे कळल्यावर पांढुर्ण्याहून भाऊ ती कॅसेट घेऊन आला.

माझ्या लग्नातली कॅसेट. मामांनी मंगलाष्टकांसाठी टेप लावला होता, तो जेवणं होईपर्यंत चालूच राहिला. शेवटी तुम्ही माझ्या सासरच्यांसमोर उभे राहून बोललात, तेही त्यात आलंय. आता भावाची मुलगी लग्नाची झाली, आणि तिच्या लग्नात आजोबांचे तेच शब्द हॉलमध्ये लावायचे असं त्याच्या मनात आलं. “पन ताई, ते अटकनं काढून टाक,” तो म्हणाला. “पोरीच्या सासरचे लोक समोर बसून राहतीन. कोणी हासलं तं मले सहन नाही होनार.” मी हो म्हटलं. कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतली, आणि तो गेल्यावर कानाला हेडफोन लावून बसले.

तुमचं अडखळणं मला तसं नवीन नव्हतं, पण ते असं कानात कधी आलं नव्हतं. आणि गंमत अशी की संत्र्यांच्या बाजारात लिलाव पुकारताना तुम्ही कधी अडखळला नाहीत. अडत्याच्या ओट्यावर उभे राहून तुम्ही हर्रास करताय, समोर संत्र्यांचे ढीग, व्यापारी दाटीवाटीने उभे, आणि तुमचं “बोला भाऊ, बोला, पुढं बोला” एका सुरात चाललंय, कुठे ठेच नाही. लहानपणीची मी तुमचा डबा घेऊन उभी आहे आणि मला वाटतंय, हेच बाबा घरी का येत नाहीत. घरी आलात की तुम्हाला साधं मीठ मागता येत नसे. तुम्ही पाटावर बसलेले, “मी... मी...” म्हणताय, आणि आई भाजीचा पळा हातात तसाच धरून तुमच्याकडे बघत उभी. ती कधीच मध्ये बोलायची नाही. एकदा मीच न राहवून “मीठ” म्हणून टाकलं. तुम्ही जेवण थांबवलंत. “माझा श... शब्द मले बोलू दे. तुले का... कायची घाई आहे?” एवढं बोलायला तुम्हाला केवढा वेळ लागला, आणि तेवढ्यात मी दोनदा तोंड उघडून दोनदा मिटलं. त्यानंतर तुम्ही अडकलात की मी पाणी आणायला म्हणून उठून जायची.

तर त्या कॅसेटवर तुम्ही म्हणता, “आमची पोरगी लय बोलते. तिले मधात टोकू नका. तिचं पुरं आयकून घेत जा.” बस, एवढंच. पण एवढ्याला टेपवर फार वेळ जातो. पडद्यावर तुमच्या अडखळण्याचे कंगव्यासारखे दाते दिसतात. “पोरगी” आणि “मधात” मी सहज सोडवले. “पुरं” मात्र सुटेना, कारण तुम्ही “पु... पु...” करत असताना मांडवातल्या कुणीतरी मोठ्याने “पुरं” म्हणून टाकलंय, अगदी तुमच्या शब्दावर. दोन आवाज एकमेकांत असे मिसळलेत की वेगळे होत नाहीत. त्या माणसाचा मला भयंकर राग आला. मग आधीच्या भागात वाढणाऱ्याला तुम्ही “पुरे, पुरे” म्हणालात ते सापडलं, एकदम साफ. त्यातला “पुर” कापला, “तिचं”मधला शेवटचा “अं” त्याला जोडला, इकडे आणून बसवला, टोकं मऊ केली. आणि तुम्ही बोललात. न थांबता, सरळ, हर्रासातल्यासारखे. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग वाटलं, हे मी काय केलं? त्या मांडवातल्या माणसाने केलं तेच तर केलं. त्याने निदान स्वतःच्या आवाजात केलं होतं.

म्हणून फाइल भावाला पाठवायच्या आधी बसने पांढुर्ण्याला गेले आणि आईला दोन्ही ऐकवल्या. आधी मुळातली, मग कापलेली. म्हटलं, तू सांगशील तीच लावू. कापलेली संपल्यावर तिने फोन कानावरून काढला. “चांगलं केलं तू,” ती म्हणाली. “त्यायले आवडलं असतं. किती कोशिश करत बिचारे.” मला हायसं वाटलं. मग तिने फोन पुन्हा कानाला लावला. “पन ते थांबत ना, तवा मी त्यायच्या तोंडाकडे पाहो. आता पाहाले वेळच नाही भेटून राहिला.” तक्रार नव्हती त्यात, हवामान सांगावं तसं तिने सांगितलं. हॉलमध्ये कापलेलीच लावा आणि मला ती लांबवाली द्या, असा निकाल तिने दिला आणि चहा टाकायला उठली.

लग्न छान झालं. तुमचा आवाज लागला तेव्हा कुणी हसलं नाही. नवऱ्या मुलाचे वडील मला मुद्दाम येऊन म्हणाले, “काय साफ बोलत होते तुमचे वडील.” भावाचे डोळे भरून आले होते. मी व्याह्यांना हो म्हटलं, अजून काय म्हणणार. तुमच्या नातीने मात्र ते वाक्य फोनमध्ये मागून घेतलंय, आणि सासरी कुणी मध्ये बोललं की लावते म्हणे.

आई रोज दुपारी जेवण झाल्यावर अख्खं ऐकते. भाऊ सांगतो, तिच्या खोलीवरून जाताना त्याला दिसतं, तुम्ही अडकता तिथे तिचा चेहरा तुम्ही समोर बसल्यासारखा होतो. मी तसं ऐकून पाहिलं, बाबा, पुन्हा पुन्हा पाहिलं. आपल्यासारख्या शिकलेल्या बाईने मुळातलंच जपायला हवं, असंही स्वतःला बजावलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहिते. तिला तुमच्यासाठी थांबता येत होतं, अजूनही येतं. मला तेव्हाही थांबता येत नव्हतं. बसमध्ये हेडफोन लावून मी ऐकते ती कापलेली.